लाल रंगाची छोटी बोट : सोय, चैन आणि अंटार्क्टिका

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने चैनीच्या जहाजांवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण सुख, सोय आणि चैन हे आमच्या विषयाचे फार जुने प्रश्न आहेत, आणि ते एखाद्या पोलादी सांगाड्यात कोंबलेले पाहायचे असतील तर लहान एक्स्पिडिशन जहाजासारखी दुसरी जागा नाही.

अशा जहाजाच्या आजच्या माहितीपत्रकात काय असतं? ‘सीनिक इक्लिप्स’ हे २०१९ साली पाण्यात आलेलं जहाज घ्या. प्रवासी जास्तीत जास्त २२८. वर दोन हेलिकॉप्टरं, सोबत एक छोटी पाणबुडी. खोलीच्या दिमतीला खानसामा, स्पा, अनेक उपाहारगृहं. आणि हे सगळं चाललंय कुठे, तर अंटार्क्टिकाला. जिथे माणसाची वस्ती कधीच नव्हती, जिथे स्कॉट आणि त्याचे सोबती तंबूत गोठून मेले, तिथे. हे तिथवर कसं पोचलं, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

पहिल्यांदा एक समज दूर करू. ध्रुवाकडे जाणारे जुने लोक हालअपेष्टा काढत गेले आणि आताचे लोक आरामात जातात, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. नान्सेनचं ‘फ्राम’ १८९३ साली उत्तरेला निघालं तेव्हा त्याच्यावर पवनचक्कीवर चालणारा डायनामो होता आणि विजेचे दिवे होते. भिंती अशा जाड मढवलेल्या की आत ऊब राहावी. उत्तम ग्रंथसंग्रह होता. नान्सेनला पक्कं ठाऊक होतं की बर्फात अडकलेला माणूस थंडीइतकाच कंटाळ्याने आणि अंधाराने खचतो. १८९८ साली ‘बेल्जिका’ अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं, तेव्हा माणसं स्कर्व्हीने आजारी पडली आणि काहींची मनंही ढासळली. तेव्हा दिवा, पुस्तक, संगीत यांना तिथे चैन म्हणता येत नव्हतं. ती जगण्याची साधनं होती.

याच यादीतली एक गोष्ट आमच्या विशेष जिव्हाळ्याची. १९११ सालच्या हिवाळ्यात केप एव्हान्सच्या लाकडी झोपडीत स्कॉटने व्याख्यानं सुरू केली. आठवड्यातून तीन संध्याकाळी, पुढे दोन. कुणी हवामानावर बोले, कुणी भूगर्भावर, कुणी घोड्यांच्या निगेवर. पाँटिंग हा छायाचित्रकार जपानच्या स्लाइड्स दाखवी. बाहेर चार महिन्यांची रात्र, आणि आत पंचवीस माणसं मेजाभोवती बसून वादविवाद करताहेत. आमच्यासारख्या व्याख्यानबाजांना याचा अभिमान वाटला तर क्षमा असावी. मात्र त्याच झोपडीत खोक्यांची एक भिंत होती. अलीकडे अधिकारी आणि शास्त्रज्ञ, पलीकडे खलाशी. पृथ्वीच्या टोकाला गेले तरी पंगती वेगळ्याच! हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता पर्यटक. १९५८ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या ‘लेस एक्लेरर्स’ या जहाजाने काही प्रवासी अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे नेले, ती सुरुवात मानतात. पण आज ज्याला एक्स्पिडिशन क्रूझ म्हणतात, तिचा खरा जनक लार्स-एरिक लिंडब्लाड. मूळचा स्वीडनचा, अमेरिकेत स्थायिक झालेला. १९५८ मध्ये त्याने स्वतःची प्रवासकंपनी काढली आणि १९६६ साली अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लापाताइया’ भाड्याने घेऊन पन्नास-साठ माणसं अंटार्क्टिकाला नेली. मागितलेलं जहाज मागितल्यासारखंच निघतं. आपल्याला हवं तिथे थांबत नाही. म्हणून त्याने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे बांधून घ्यायचं ठरवलं. १९६९ साली फिनलंडमधल्या उसिकौपुंकी इथल्या गोदीतून ते बाहेर पडलं. नाव ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’. लांबी सुमारे ७३ मीटर, प्रवासी शंभराच्या आसपास, तळ बर्फाला टिकेल असा मजबूत केलेला, अंगाला भडक लाल रंग. लोक तिला लाडाने ‘लाल छोटी बोट’ म्हणू लागले. पर्यटकांना अशा मोहिमांवर नेण्यासाठीच बांधलेलं हे पहिलं जहाज.

तिच्यावर सोयी काय होत्या? आजच्या मानाने काहीच नाही म्हणा ना. खोल्या लहान. सगळ्यांनी एकाच वेळी जेवावं असं एक जेवणघर. एक ग्रंथालय. एक बार, तो तर हवाच. आणि एक व्याख्यानाचा दिवाणखाना. दुपारी माणसं बर्फावर जाऊन आली की संध्याकाळी तिथे बसायची आणि जे पाहिलं ते काय होतं हे जाणकारांकडून ऐकायची. हे जाणकार साधेसुधे नव्हते. पक्षी ओळखण्याच्या आधुनिक मार्गदर्शिकांचा प्रवर्तक रॉजर टोरी पीटरसन या बोटीवर असे, निसर्गचित्रकार कीथ शॅकल्टन असे. केप एव्हान्सची ती व्याख्यानं पन्नास-साठ वर्षांनी पैसे देऊन येणाऱ्या प्रवाशांसाठी पुन्हा भरू लागली, एवढाच काय तो फरक. तो फरक लहान नाही, पण धागा तोच आहे.

पण खरी किल्ली वेगळीच होती: रबरी होडी, ‘झोडियाक’. तिच्यावर जरा रेंगाळू या. झोडियाक ही फ्रान्समधली कंपनी मुळात हवाई फुगे आणि वायुनौका बनवणारी, १८९६ पासूनची. हवा धरून ठेवणाऱ्या कापडाचं ज्ञान त्यांनी १९३० च्या दशकात पाण्यावर उतरवलं आणि फुगवायची होडी केली. १९५२ साली अलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने तसल्याच होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला, तेव्हा जगाचा या रबरावर विश्वास बसला. लिंडब्लाडने ती पर्यटनात आणली. अंटार्क्टिकाला बंदर नाही, धक्का नाही, जेटी नाही. मोठं जहाज दुरून किनारा दाखवून परत फिरतं. ही होडी दहा-बारा माणसांना घेऊन खडकाला लागते, दगडगोट्यांवर चढते, बर्फाचा तुकडा आपटला तरी दबून पुन्हा वर येते. गुडघाभर पाण्यात बूट घालून उतरायचं आणि चालू लागायचं. आपल्या कोकणात धक्के नव्हते तेव्हा आगबोट दूर समुद्रात उभी राही आणि पडावातून माणसं किनाऱ्याला लागत, तोच प्रकार.

इथे ‘सोय’ आणि ‘चैन’ हे दोन शब्द वेगळे करायला हवेत. रबरी होडी ही सोय आहे, कारण तिच्याविना तिथे जाणंच होत नाही. व्याख्यान हीही सोयच, कारण त्याविना पाहिलेलं कळत नाही. गरम पाण्याचा हौद आणि खानसामा ही चैन. ती काढून घेतली तरी पेंग्विन तिथेच असतात. लिंडब्लाडच्या बोटीवर सोय जास्त आणि चैन कमी होती. आज हे पारडं फिरलंय, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र या भेदावर फार भार टाकून चालणार नाही. सत्तरीच्या माणसाला गरम पाणी सोय की चैन, हे पंचविशीच्या माणसाने ठरवू नये.

आणि सुरक्षितता? ती कशात धरायची? १७९० च्या ग्रंथात कांटने उदात्ततेची मीमांसा केली आहे. उसळणारा सागर, कोसळणारे कडे, ज्वालामुखी यांची भीषणता आपल्याला ओढून घेते, पण अट एकच: आपण स्वतः सुरक्षित जागी उभे असलो पाहिजे. बुडणाऱ्या माणसाला लाट उदात्त वाटत नाही. एक्स्पिडिशन जहाज विकतं ती नेमकी ही ‘सुरक्षित जागा’. काचेपलीकडे हिमनग, काचेअलीकडे कॉफी. प्रवासी पैसे मोजतो ते हिमनगासाठी नव्हे, तो फुकट आहे; मोजतो ते काचेसाठी.

ती काच मात्र पहिल्यापासून तडकत होती. १९७२ च्या फेब्रुवारीत ही बोट अंटार्क्टिकात खडकावर चढली. चिलीच्या नौदलाने प्रवाशांना उचललं. १९७९ च्या नाताळात पुन्हा तेच. पण कर्तृत्वही मोठं. ज्या वायव्य मार्गासाठी आमुंडसेनला १९०३ ते १९०६ अशी तीन वर्षं लागली, तो मार्ग १९८४ साली पार करणारं पहिलं प्रवासी जहाज हीच. याच सुमारास आपल्याकडूनही एक लहान जहाज दक्षिणेला गेलं होतं, हेही नोंदवून ठेवू. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज गाजावाजा न करता निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. त्या बोटीवर चैनीचा प्रश्नच नव्हता.

१९८९ च्या जानेवारीत अर्जेंटिनाचं ‘बाहिया पाराइसो’ हे रसद वाहणारं जहाज पामर या अमेरिकी तळाजवळ खडकाला लागून बुडालं. त्याच्यावरही ऐंशीएक पर्यटक होते. माणसं वाचली, पण सुमारे सहा लाख लिटर तेल पक्ष्यांच्या वसाहतींभोवती पसरलं. मग १९९१ साली दोन गोष्टी झाल्या. सात सहल-कंपन्यांनी स्वतःची संघटना काढून स्वतःवर नियम घालून घेतले, आणि माद्रिदला पर्यावरणाचा करार झाला. नियम साधे आहेत: एका जागी एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणाला उतरवायचंच नाही. जहाजं लहान का, याचं उत्तर इथे मिळतं. लहानपण हा नियम होता, आणि बाजाराने त्याचा दागिना केला. जागा मोजक्या म्हणून भाडं वाढलं, भाडं वाढलं म्हणून खानसामा आला. चैनीचा उगम कधीकधी असा निर्बंधात असतो.

आता २३ नोव्हेंबर २००७. लाल बोट अडतीस वर्षांची झालेली, मालक बदलत बदलत तिचं नाव नुसतं ‘एक्स्प्लोरर’ राहिलेलं. ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीत, किंग जॉर्ज बेटाच्या परिसरात, मध्यरात्रीच्या सुमारास ती बर्फावर आदळली. तळाला चीर पडली, खोल्यांत पाणी शिरलं. बोटीवर १५४ माणसं: ९१ प्रवासी, बाकी मार्गदर्शक आणि खलाशी. पहाटेच्या आत सगळ्यांना होड्यांत उतरवलं. १९८६ नंतर बांधलेल्या प्रवासी जहाजांवर पूर्ण किंवा अर्धवट झाकलेल्या जीवरक्षक होड्या लागतात. ही त्याआधीची, म्हणून तिच्या होड्या उघड्या. चार-पाच तास माणसं त्या उघड्या होड्यांत आणि रबरी झोडियाकांत कुडकुडत बसली. मग नॉर्वेचं ‘नॉरनॉर्गे’ आलं आणि त्याने एकूण एक माणूस वर घेतला. मदतीला धावून आलेलं दुसरं जहाज होतं ‘नॅशनल जिऑग्राफिक एन्डेव्हर’. ते चालवत होती लिंडब्लाडच्या मुलाची कंपनी. बापाने बांधून घेतलेली बोट त्याच दिवशी बुडाली.

चौकशीचा अहवाल लायबेरियाने २००९ मध्ये दिला, कारण बोट त्या देशाच्या झेंड्याखाली होती. त्यातला निष्कर्ष आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. कप्तान अनुभवी होता, पण त्याचा बर्फाचा अनुभव बाल्टिक समुद्रातला होता. समोरचा बर्फ त्याला वाटला त्याहून जुना आणि टणक निघाला. बर्फ या एका शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ होते, आणि ओळखीच्या शब्दाने अनोळखी वस्तू झाकली गेली. हे आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत घडतं, फक्त आपल्या पायाखाली दरवेळी समुद्र नसतो.

सगळे वाचले ते कशामुळे? समुद्र शांत होता, वारा उठला तो नंतर, आणि जवळपास दुसरी जहाजं होती. ती जवळ होती कारण तोवर तिथे जहाजांची वर्दळ झाली होती. म्हणजे ज्या गर्दीबद्दल आपण तक्रार करतो, तिनेच त्या दीडशे जणांना तारलं. हा पेच आम्हाला अजून सुटलेला नाही. आणखी एक: उघड्या होडीत बसल्यावर खोक्यांची ती भिंत उरली नाही. महागड्या खोलीतला आणि यंत्रघरातला सारखेच भिजले.

या दुर्घटनेनंतर नियम कडक झाले. २०११ च्या ऑगस्टपासून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जड इंधनतेल न्यायला बंदी आहे. २०१७ पासून ध्रुवीय जहाजांची वेगळी आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. कप्तानाला त्याच बर्फाचं शिक्षण हवं, हे त्यात आलं. नवी जहाजं अर्थात जास्त सुरक्षित आहेत. ‘ल कोमांदां शार्को’ हे २०२१ चं फ्रेंच जहाज बर्फ फोडत उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन आलं, जेवणघरात उत्तम वाइन देत.

आणि माणसं किती? १९६६ साली लिंडब्लाडने पन्नास-साठ नेली होती. २०२३-२४ च्या एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास पर्यटक अंटार्क्टिकाकडे गेले. त्यातले बरेचजण उतरले नाहीत, जहाजावरूनच पाहून परतले. याच हंगामात बर्ड फ्लूचा विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. तो पक्ष्यांनीच नेला असं मानतात, पण त्यामुळे किनाऱ्यावर उतरण्याचे नियम आणखी कडक करावे लागले. आज प्रवाशाने कपड्यांच्या शिवणीतली बीजं व्हॅक्यूमने काढायची, बूट जंतुनाशकात बुडवायचे, किनाऱ्यावर बसायचंही नाही, गुडघाही टेकायचा नाही. हजारो डॉलर भरून गेलेला माणूस रांगेत उभा राहून ब्रशने बूट घासतो. जहाजावर खानसामा आहे, पण हे काम ज्याचं त्यानेच करायचं. देवळात शिरण्यापूर्वी आपण पाय धुतो तसं हे दिसतं, आणि आमच्या मते या जहाजावरची सगळ्यात महत्त्वाची व्यवस्था तीच आहे.

२०२४ च्या मे महिन्यात अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक आपल्याकडे, कोचीला झाली. पर्यटनासाठी स्वतंत्र चौकट आखायचं काम तिथे हाती घेतलं गेलं. आतापर्यंतचे बहुतेक नियम कंपन्यांनी स्वखुशीने पाळलेले आहेत. संघटनेबाहेरच्या जहाजाला ते कोण लावणार, आणि दरवर्षी किती माणसांनी जावं हे कोण ठरवणार, यावर देशांचं एकमत झालेलं नाही. प्रश्न असतील तर आता घेऊ या.