हॉकीपटूंचा पाडवा

१ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. शाळा-कचेऱ्यांना सुट्टी, रस्त्यावर झेंडे, संध्याकाळी आतषबाजी. पण हॉकीवेड्या घरांत त्या दिवसाची खरी घटका टोरांटोच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराला भरते. त्या ठोक्याला नॅशनल हॉकी लीगमधले करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि कोण कुठल्या संघात गेला याच्या बातम्या धडाधड येऊ लागतात. जूनमध्ये स्टॅन्ली कप संपलेला असतो, पुढचा हंगाम ऑक्टोबरात. मधल्या काळात लीगचा गुणांसाठीचा एकही सामना नसतो, तरी वर्षातले सगळ्यात कडाक्याचे वाद याच दिवसांत होतात. आपल्या बचावफळीत डावीकडे माणूस हवाय, तो आणा. तिशी ओलांडलेल्याला सात वर्षांचा करार कशाला? गोलरक्षकावर एवढा खर्च केलात, तर पोरांना पगार कुठून देणार?

इथली हॉकी म्हणजे बर्फावरची. आपल्याला हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आणि त्याची धाव आठवते. कॅनडात मैदानावरच्या हॉकीला 'फील्ड हॉकी' असं वेगळं नाव सांगावं लागतं.

या बिनसामन्यांच्या चर्चेला तिकडे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. शब्द मूळचा बेसबॉलचा आणि एकोणिसाव्या शतकातला. बेसबॉल हिवाळ्यात बंद. मग गावातल्या वाणसामानाच्या दुकानात लोखंडी शेगडीभोवती माणसं जमायची, हात शेकत पुढच्या हंगामाचे संघ बांधायची. आपल्याकडे शेकोटीभोवती गावची निवडणूक लढवली जाते, तसंच. कॅनडाने तो शब्द उचलला आणि १९३९ पासून रेडिओवर हॉकीच्या मध्यंतरात 'हॉट स्टोव्ह लीग' नावाने जाणकारांच्या गप्पा ऐकू येऊ लागल्या. पण हॉकीची विश्रांती उन्हाळ्यात. म्हणजे ज्या दिवसांत चर्चा सर्वांत तापते, त्या दिवसांत शेगडी पेटवायचं कारणच नसतं. शब्द मात्र टिकला.

शब्दाचं कूळ एवढं सोपं आहे. चर्चेचं तसं नाही. 'अमुक खेळाडू आपल्याकडे येईल का?' हा प्रश्न विचारायला तो खेळाडू आधी सुटा असावा लागतो, आणि १९७२ पर्यंत तो सुटा नव्हता. आपल्या मराठवाडा-विदर्भात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. उचल फिटलेली असेल आणि मालकाशी पटत नसेल, तर तो दुसऱ्याच्या शेतावर साल धरू शकतो. हॉकीतल्या मोठमोठ्या नामवंतांना हा पाडवा ठाऊक नव्हता. करारात एक कलम असे, 'रिझर्व्ह क्लॉज'. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क त्याच संघाचा. संघ त्याला विकू शकत होता, बदलून टाकू शकत होता, गावोगावच्या दुय्यम संघांत पाठवू शकत होता. खेळाडूच्या हातात दोनच गोष्टी होत्या: देतील त्या पगारावर सही करायची, नाहीतर स्केट खुंटीला टांगायचे. १९६७ पर्यंत लीगमध्ये संघ अवघे सहा, त्यामुळे जागाही मोजक्याच. पटत नाही म्हणणाऱ्याच्या मागे रांग उभीच असायची.

ही बांधणी कोवळ्या वयात व्हायची. 'सी फॉर्म' नावाचा एक कागद होता. त्यावर सही झाली की पोरगा त्या संघाचा. ऑन्टारियोतल्या पॅरी साउंड गावच्या बॉबी ऑरच्या बाबतीत ती १९६२ साली झाली. तो चौदा वर्षांचा होता. बॉस्टन ब्रुइन्सने त्याबद्दल घरच्यांना जे दिलं, त्यात घराच्या भिंतींना नवा गिलावा करून देणंही होतं. हा गिलावा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे ज्याला अनेक जण हॉकीतला सर्वश्रेष्ठ बचावपटू मानू लागले, त्याच्या उभ्या कारकिर्दीवरच्या हक्काचा सौदा भिंतीच्या लेपापर्यंत आला होता.

याविरुद्ध पहिला उभा राहिला तो डेट्रॉइटचा टेड लिंडसे. बुटका, अंगावर धावून जाणारा, चेहऱ्यावर टाक्यांच्या खुणा मिरवणारा. १९५७ च्या फेब्रुवारीत त्याने सहाही संघांतल्या खेळाडूंना गोळा करून संघटना जाहीर केली. त्या हंगामात त्याने ८५ गुण मिळवले होते, त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी. तरी त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला शिकागोला धाडलं. शिकागो तेव्हा तळाचा संघ होता. बाकीच्यांनी ओळखायचं ते ओळखलं आणि वर्षभरात संघटना मोडली. उन्हाळ्यात खेळाडू दुसऱ्या संघात जाणं याचा तेव्हाचा अर्थ हा होता: ती शिक्षा होती.

बांध फुटला तो १९७२ च्या उन्हाळ्यात. गॅरी डेव्हिडसन आणि डेनिस मर्फी या दोघांनी 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' ही नवी लीग काढली आणि आमच्या करारांत ते कलम नसेल, असं जाहीर केलं. पण नव्या लीगला कोणी ओळखत नव्हतं. तिला एक मोठं नाव हवं होतं. शिकागोचा बॉबी हल त्या वेळी हॉकीतल्या सर्वांत मोठ्या नेमबाजांपैकी एक, नुकत्याच संपलेल्या हंगामात ५० गोल केलेला. दहा लाख डॉलर दिलेत तर येतो, असं तो थट्टेत म्हणाला होता. नव्या लीगच्या संघांनी ती थट्टा खरी धरली आणि वर्गणी काढून रक्कम उभी केली.

२७ जून १९७२. विनिपेगमधला पोर्टेज आणि मेन हा चौक हिवाळ्यातल्या बोचऱ्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तो माणसांनी भरला होता. हलच्या हातात दहा लाख डॉलरचा फलकाएवढा चेक होता आणि लोक त्याच्याकडे बघत होते. विनिपेगकरांना दिसला तो आपल्या गावात आलेला जगप्रसिद्ध खेळाडू. मला त्या चेकमागे दुसरंच काही दिसतं. बड्या लीगमधला एवढ्या तोलाचा खेळाडू करार संपल्यावर स्वतःच्या मनाने उठून जातो आहे, हे जगाने भर चौकात पाहिलं.

नॅशनल हॉकी लीग कोर्टात गेली आणि हलला सुरुवातीच्या सामन्यांत बाहेर बसावं लागलं. इथे बेसबॉलचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. अशाच कलमाविरुद्ध कर्ट फ्लड हा बेसबॉलपटू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला होता आणि हलच्या सहीच्या आठच दिवस आधी, १९ जूनला, हरला होता. कारण १९२२ च्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळालेली होती. हॉकीला तशी सूट नव्हती. ८ नोव्हेंबर १९७२ ला फिलाडेल्फियाच्या न्यायालयात न्यायमूर्ती ए. लिऑन हिगिनबॉथम यांनी नॅशनल हॉकी लीगला ते कलम लावायला मनाई केली. हल बर्फावर उतरला, आणि कराराने अडकलेले इतरही मोकळे झाले. १ जुलैच्या दुपारचा जन्म माझ्या मते या निकालात आहे, कुठल्याही लीगच्या नियमपुस्तकात नाही.

पण जन्मलेलं मूल लगेच चालायला लागलं नाही. संघांनी 'मोबदला' नावाची नवी बेडी घडवली. दुसऱ्याचा मोकळा झालेला खेळाडू घेतलात, तर त्या संघाची भरपाई करा. १९७८ मध्ये गोलरक्षक रोगी व्हाशों लॉस एंजेलिस सोडून डेट्रॉइटला गेला. लवादाने भरपाई म्हणून डेट्रॉइटचा एकवीस वर्षांचा डेल मकोर्ट लॉस एंजेलिसला देऊन टाकला. मकोर्टचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. तो कोर्टात गेला आणि १९७९ साली वरच्या न्यायालयात हरला. शेवटी लॉस एंजेलिसने त्याच्याऐवजी दुसरा खेळाडू आणि नवोदित निवडण्याचे हक्क घेतले, म्हणून त्याचं घर हललं नाही. १९९१ मध्ये हेच स्कॉट स्टीव्हन्सच्या वाट्याला आलं. सेंट लुईसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनाहन घेतला, भरपाईत स्टीव्हन्स गेला. त्याला सेंट लुईस सोडायचंच नव्हतं. पुढे न्यू जर्सीचा कर्णधार म्हणून त्याने तीन वेळा स्टॅन्ली कप उचलला, हा वेगळा भाग. एक जण मर्जीने गेला की दुसऱ्याला मर्जीविरुद्ध जावं लागे. अशा व्यवस्थेला मोकळीक म्हणणं मला जमत नाही.

आणि घरभेदीही निघाले. १९६७ साली खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली, तिचा प्रमुख ॲलन ईगलसन हा ऑरचाही वकील होता. १९७६ मध्ये ऑर बॉस्टन सोडून शिकागोला गेला. बॉस्टनने संघातला १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता, तो देकार आपल्यापर्यंत पोचवलाच गेला नाही, असं ऑरने नंतर सांगितलं. ईगलसनने १९९८ साली फसवणुकीच्या गुन्ह्यांची कबुली दिली आणि तो तुरुंगात गेला. चौदाव्या वर्षी बांधला गेलेला मुलगा अठ्ठावीसाव्या वर्षी मोकळा झाला, तेव्हाही आपल्यासमोर काय काय मांडलंय हे त्याला पूर्ण कळलं नव्हतं.

आजचं रूप २००५ मधलं. त्याआधी १९९५ च्या करारात बिनशर्त मोकळं व्हायला बत्तिशीची वाट पाहावी लागे, नंतर एकतिशीची. म्हणजे गुडघे कुरकुरू लागल्यावर. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात बुडाला, स्टॅन्ली कप कोणालाच मिळाला नाही. तडजोडीत खेळाडूंनी संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा, म्हणजे 'सॅलरी कॅप', मान्य केली. बदल्यात मोकळं होण्याचं वय टप्प्याटप्प्याने सत्तावीसवर आलं. लीगमध्ये सात हंगाम झाले असतील तर त्याहूनही आधी. पहिली मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ च्या हंगामात ती ९ कोटी ५५ लाखांवर पोचली.

या मर्यादेने चाहत्यांची भाषाच बदलली. पूर्वी 'तो कसा खेळतो?' एवढं विचारलं की भागायचं. आता गावातला केशकर्तनकारही हिशेब मांडतो, कारण एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणार हे त्याला पाठ आहे. मिनेसोटाने ४ जुलै २०१२ ला झॅक पॅरिझी आणि रायन सूटर या दोघांना प्रत्येकी तेरा वर्षं आणि ९ कोटी ८० लाख डॉलर असे करार दिले. पॅरिझी तर तिथल्याच मातीतला. गाव आनंदाने वेडं झालं. त्या दोघांच्या काळात संघ बादफेरीच्या दुसऱ्या टप्प्यापुढे कधी गेला नाही. २०२१ मध्ये दोघांनाही पैसे देऊन मोकळं केलं, आणि पुढे २०२३-२४ व २०२४-२५ या दोन हंगामांत संघाच्या मर्यादेतले दरसाल सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर तिथे नसलेल्या या दोघांच्या नावावर अडकले. 'सात वर्षं कशाला?' असं विचारणारा चाहता चिडका नसतो. त्याने मिनेसोटा पाहिलेलं असतं.

पण त्याच चाहत्याला एक सांगावंसं वाटतं. १ जुलै २०१८ ला न्यूयॉर्क आयलंडर्सचा कर्णधार जॉन टावारेस सात वर्षं आणि ७ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर टोरांटोला, आपल्या गावाकडच्या संघात गेला. तेव्हा त्याने लहानपणीचा एक फोटो जगाला दाखवला. त्यात टोरांटो मेपल लीफ्सच्या चादरीत तो गाढ झोपला आहे. पुढच्या फेब्रुवारीत तो न्यूयॉर्कला खेळायला आला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी रात्रभर त्याची हुर्यो उडवली, बर्फावर वस्तू फेकल्या. प्रेम केलं म्हणून दुखलं, हे मी समजू शकतो. पण नऊ हंगाम इमानाने खेळून, करार पुरा करून तो गेला होता. खेळाडू स्वतः जातो तेव्हा त्याला गद्दार म्हणायचं आणि संघ त्याला रातोरात विकतो तेव्हा त्याला व्यवहार म्हणायचं, हे माप खोटं आहे. आपल्या आयपीएलच्या लिलावात खेळाडू गाव निवडत नाही, बोली निवडते. तिकडे निदान एका दुपारी तो स्वतः निवडतो.

खेळाडू आपल्या मतांनी दरवर्षी लीगमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवतात. संघटना काढली म्हणून १९५७ च्या उन्हाळ्यात शिकागोला धाडलेल्या माणसाचं, टेड लिंडसेचं नाव २०१० पासून त्या पुरस्काराला आहे.