यंत्रकीटक चेंगीझ आणि त्याचे विद्यार्थी कारागीर

मराठीत रोबोला 'यंत्रमानव' म्हणण्याची पद्धत आहे. १९८९ साली अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत जे यंत्र चालू लागले, त्याला मात्र तो शब्द शोभत नाही. सहा पाय, पुढे दोन मिशा, लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, वजन जेमतेम १ किलो. आदर्श कीटकाचा, नाव मात्र चेंगीझखानाचे!

या यंत्राचे महत्त्व कळण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोराव्हेक यांची कॅमेरा लावलेली गाडी खुर्च्यांनी भरलेली खोली ओलांडत असे. आधी चित्रे घ्यायची, त्यांवरून अडथळ्यांचा नकाशा रचायचा, मार्ग ठरवायचा, आणि मग सुमारे एक मीटर सरकायचे. पुन्हा थांबून तेच. एका खोलीला पाच तास! उघड्यावर नेली, तर तिचे गणित संपेपर्यंत सावल्याच जागा बदलत.

हे सारे जवळून पाहणारा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी म्हणजे रॉडनी ब्रुक्स. झुरळाचा मेंदू तो केवढा, तरी चप्पल उचलेपर्यंत ते कपाटाखाली पोहोचलेले असते. मग नकाशा आधी आणि हालचाल नंतर, हा क्रमच चुकीचा असेल तर? पुढे एमआयटीत प्राध्यापक झाल्यावर ब्रुक्स यांनी १९८६ साली वेगळी रचना मांडली. साध्या प्रतिक्रियांचे थर एकावर एक चढवायचे. वरचा थर गरजेपुरता खालच्यावर कुरघोडी करतो, पण खालचा आपले काम करतच राहतो.

चेंगीझ याच रचनेवर घडला. प्रथम तो केवळ उभा राहिला, मग चालू लागला, मग खडबडीत जमिनीवर तोल सांभाळू लागला. मिशांना अडथळा लागला की पाय अधिक उंच उचलणे, हा त्यावरचा आणखी एक थर. अखेरच्या थरांत उष्णता टिपणारे संवेदक जोडले, आणि समोरून माणूस गेला की हा कीटक उठून त्याच्या मागे लागू लागला. 'पाठलाग कर' अशी आज्ञा देणारा कोणी सेनापती आत बसलेला नव्हता. एकूण ५७ छोट्या नियंत्रकांपैकी ४८, म्हणजे प्रत्येक पायामागे आठ, पायांतच गुंतलेले होते. मध्यवर्ती भूमिका अवघ्या पाचांची. पाय उचलण्याचा क्रम बदलला की चालही बदले. तीन पाय जमिनीवर व तीन हवेत, ही झुरळाची धावण्याची ढबही त्याला साधे.

लोकप्रिय इतिहासात चेंगीझ 'ब्रुक्स यांचा रोबो' म्हणून ओळखला जातो. कल्पनेपुरते ते खरेच आहे. चेंगीझवरील १९८९ च्या शोधनिबंधावर लेखक म्हणून एकच नाव आहे, ब्रुक्स यांचे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने ऋणनिर्देश कधी ओलांडून पुढे जाऊ नये. तेथे ब्रुक्स स्वतःच सांगतात, की यांत्रिक आराखडा व जुळणी बहुतांशी ग्रिनेल मोअर यांची; विद्युत जुळणी बहुतेक सर्व, आणि प्रोसेसरची बरीचशी रचना, कॉलिन अँगल यांची. अँगल तेव्हा पदवीचे विद्यार्थी होते आणि त्यांचा त्या वर्षीचा पदवी-प्रबंध याच सहा पायांच्या यंत्रावर आहे. 'मेंदूविना चालणे' हे तत्त्व निबंधात सुबक दिसते. पण बारा मोटारी, विजेऱ्या आणि तारा एक किलोत बसवून ते प्रत्यक्ष चालवावे लागते. ते झाले नसते, तर ब्रुक्स यांच्या टीकाकारांना उत्तर देणे जड गेले असते.

त्याच वर्षी ब्रुक्स आणि ॲनिटा फ्लिन यांनी एक प्रस्ताव मांडला: परग्रहांवर एक महाकाय यान धाडण्याऐवजी असे हलके, स्वस्त कीटक मोठ्या संख्येने धाडावेत. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नरला पायांऐवजी सहा चाके होती आणि वजन दहा किलोंहून अधिक, त्यामुळे त्याला चेंगीझचा थेट वारस म्हणणे धाडसाचे ठरेल. वारसा अधिक स्पष्ट दिसतो तो घरातल्या फरशीवर. १९९० साली अँगल, ब्रुक्स आणि हेलन ग्रायनर यांनी आयरोबोट ही कंपनी स्थापन केली, आणि २००२ साली तिने केर काढणारा रूम्बा बाजारात आणला. खोलीचा नकाशा त्या पहिल्या रूम्बाजवळही नव्हता.