शेळी जखमी झाली तर घरचा इलाज कुठवर? डॉक्टरांना फोन कधी करायचा?

संध्याकाळी शेळ्या चरून परत येतात आणि बांधताना लक्षात येतं की एक लंगडतेय, किंवा एकीच्या मांडीला रक्त लागलंय. दवाखाना बंद झालेला असतो आणि डॉक्टर तालुक्याच्या गावी असतात. घरात चर्चा सुरू होते, 'हळद लावू, सकाळी बघू'. बऱ्याच वेळा हळदीवर भागतंही. पण काही जखमा अशा असतात की सकाळपर्यंत थांबलं तर शेळी हातची जाते. दहा-बारा हजारांचं जनावर, त्यात गाभण असेल तर पुढची करडंही गेली. त्यामुळे कोणती जखम थांबू शकते आणि कोणती नाही, हे शेळीपालकाला आधीच माहीत असलेलं बरं.

आधी जखम नाही, शेळी बघा

जखम दिसली की सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. खरी परिस्थिती मात्र शेळीच्या वागण्यावरून कळते. ती उभी राहते का, चारा ओढते का, रवंथ करते का, हे आधी पाहावं. लंगडत का होईना, पण पाल्याला तोंड लावणारी आणि रवंथ करणारी शेळी बहुधा रात्र काढू शकते. कोपऱ्यात मान खाली घालून उभी असलेली, कान थंड पडलेली, हाक मारली तरी न बघणारी शेळी थांबू शकत नाही, मग जखम बोटाएवढी का असेना.

डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग बघावा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. पांढरट दिसला तर रक्त बरंच गेलंय, किंवा आत कुठेतरी रक्तस्राव चालू आहे. (जंतांमुळेही पापणी पांढरी पडते, म्हणून कळपातल्या दुसऱ्या शेळीची पापणी शेजारी ठेवून बघावी.) तीस किलोच्या शेळीच्या अंगात साधारण दोन लिटरच रक्त असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी जिवाला धोका होतो.

थर्मामीटर घरात असावाच, मेडिकलमध्ये मिळणारा साधा चालतो. गुदद्वारात हळूच घालून मिनिटभर धरावा. शेळीचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरेनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने हा ताप वाटेल, शेळीला तो नाही. भर उन्हातून आलेली असेल तर थोडं जास्त दाखवतं, म्हणून सावलीत अर्धा तास थांबून पुन्हा बघावं. तरीही १०४ च्या वर असेल तर जखमेत संसर्ग सुरू झाल्याचा संशय घ्यावा. १०० च्या खाली गेलं तर ते तापापेक्षा वाईट. अशा वेळी पोतं पांघरून ऊब द्यावी आणि लगेच फोन करावा.

वेळ न घालवता बोलवायचं ते केव्हा

रक्ताची चिळकांडी उडत असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर घट्ट दाबून सलग दहा मिनिटं धरावं. मध्येमध्ये उचलून 'थांबलं का' बघू नये, कारण धरलेली गाठ सुटते. राख, चहापत्ती, बॅटरीची पावडर यातलं काहीही भरू नये. दहा मिनिटांनीही थांबलं नाही तर कापड तसंच बांधून डॉक्टर गाठावा.

पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर ते घरी आत ढकलू नये. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ धडकं त्यावर गुंडाळावं, चारा-पाणी बंद करावं आणि गाडी बघावी. छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर हवेचा आवाज येणं, तोंड उघडून धापा टाकणं, हाड कातडी फाडून बाहेर येणं, मागचे दोन्ही पाय ओढत चालणं, सड कापून जखमेतून दूध गळणं, ही सगळी त्याच दिवसाची कामं आहेत. डोळ्याला काटा किंवा शिंग लागलं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या पुढे ढकलू नये. बुबुळावर पांढरं पडल्यावर इलाज अवघड होतो.

टाके घालण्यासारखी जखम असेल तर पहिल्या सहा-आठ तासांत घातलेले टाके चांगले धरतात. नंतर जंतू आत गेलेले असतात आणि डॉक्टर बहुधा जखम उघडी ठेवूनच भरू देतात.

गाभण शेळीच्या पोटाला दुसरीची धडक बसली आणि बाहेर काहीच दिसत नाही, तरी दोन दिवस मागून लक्ष ठेवावं. योनीतून रक्त किंवा घाण येत असेल, शेळी सारखी ऊठबस करत असेल तर गाभडण्याची चिन्हं आहेत.

कुत्रा चावला तर हिशेबच वेगळा

बाहेरून दोन-तीन भोकं दिसतात आणि मालक म्हणतो, 'फारसं नाही लागलं'. कुत्रा मात्र दात रोवून झटके देतो, त्यामुळे कातडीखालचं मांस आत फाटलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास सुटतो तेव्हा कळतं. म्हणून कुत्र्याचा चावा कितीही लहान दिसला तरी डॉक्टरांना दाखवावाच. भोवतालचे केस कात्रीने कापले की आणखी दोन भोकं सापडतात, असं नेहमी होतं.

मोठा धोका रेबीजचा. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात आणि जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण दोन तांबे पाणी ओतलं म्हणजे धुतलं असं होत नाही. वर पोव्हिडोन आयोडीन लावावं. चावल्यानंतरची लस जनावरालाही असते. पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असा क्रम साधारण असतो. एक डोस देऊन 'आता बरी आहे' म्हणून पुढचे सोडले तर उपयोग नाही. या काळात त्या शेळीचं कच्चं दूध कुणालाही, विशेषतः लेकरांना देऊ नये.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी शेळीचा आवाज बसला, लाळ गळू लागली, गिळता येईना, ती अंगावर धावू लागली, तर 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून तोंडात हात घालण्याची चूक गावोगाव होते. तसं मुळीच करू नये. शेळी वेगळी बांधून डॉक्टरांना कळवावं. ज्याच्या हाताला लाळ लागली असेल किंवा जो पिसाळलेलं कुत्रं हाकलताना खरचटला असेल, त्याने त्याच दिवशी जखम धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. ती लस माणसासाठी आहे, शेळीच्या इलाजाची वाट बघत थांबू नये.

हल्ला लांडग्याचा किंवा बिबट्याचा असेल तर वनविभागाला लगेच कळवावं, १९२६ हा त्यांचा क्रमांक. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो. शेळी मेली असेल तर पंचनाम्याआधी जागेवरून हलवू नये.

पाय मोडला म्हणजे शेळी गेली, असं नाही

गुडघ्याखालचं हाड मोडलं आणि कातडी फाटलेली नसेल तर शेळीचा पाय चांगला जुळतो. करडाचा तीन-चार आठवड्यांत, मोठ्या शेळीचा सहाएक आठवड्यांत. धनगर मंडळी बांबूच्या कामट्या बांधून पाय जुळवत आली आहेत, आणि ती पद्धत मुळात बरोबर आहे. बिघडतं ते बांधण्यात. कापसाचा जाड थर न देता दोरी आवळली की खालचा पाय सुजतो, थंड पडतो आणि सडतो. कामटी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा धरेल इतकी लांब हवी. बांधल्यावर सकाळ-संध्याकाळ खूर हाताने चाचपावा. थंड लागला तर पट्टी लगेच सैल करावी. हे घरचं बांधणं दवाखान्यापर्यंत नेण्यापुरतं. प्लास्टर डॉक्टरांकडूनच घ्यावं. मांडीचं हाड मोडलं असेल तर कामटीने भागत नाही.

घरी काय चालतं

वरवरचं खरचटणं, काटेरी तारेची उथळ चीर, टोकाशी मोडलेलं शिंग याला घरचा इलाज पुरतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड छोटा चमचा मीठ टाकून धुवावं, आयोडीन लावावं आणि माशी बसू नये म्हणून जखमेच्या कडेने कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल फिरवावं. हळद वरवरच्या जखमेला ठीक आहे, खोल भोकात कोंबू नये. फिनेल, रॉकेल, पेट्रोल तर नकोच, अळ्यांबरोबर मांसही जळतं. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या दिसल्या, किंवा तिसऱ्या दिवशी सूज वाढली, वास आला, तर घरचा इलाज संपला. शिंग बुडातून मोडलं तर आतली पोकळी थेट कपाळात उघडते, तेही डॉक्टरांचंच काम.

खिळा, तार, काटा खोल गेला असेल तर धनुर्वाताची सुई विचारून घ्यावी. शेळीला धनुर्वात लवकर होतो. जखम भरल्यासारखी दिसते आणि एक ते तीन आठवड्यांनी पाय ताठ होतात, जबडा मिटतो. तेव्हा वाचणारी शेळी क्वचितच.

माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या शेळीला देऊ नयेत. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. आडव्या पडलेल्या शेळीच्या तोंडात पाणी-औषध ओतू नये, ते फुप्फुसात जातं. तिला कुशीवर पडू न देता दोन्ही बाजूंनी पोती लावून छातीवर बसतं ठेवावं, नाहीतर पोट फुगतं.

फोनवर काय सांगायचं

आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर मोबाइलमध्ये असावा. शिवाय १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे. फोनवर 'शेळी लई सीरियस आहे' एवढंच सांगून भागत नाही. कशाने लागलं, किती वाजता, तापमान किती, पापणीचा रंग कसा, गाभण आहे का, आधी काय लावलं किंवा दिलं, हे सांगावं. जखमेचा उजेडात काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर काय सामान घेऊन यायचं ते डॉक्टरांना कळतं. विमा उतरवलेला असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबरही सांगावा.

इंजेक्शन दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे डॉक्टर निघायच्या आत विचारून घ्यावं. शेळी खाटकाला द्यायचा विचार असेल तर तेही सुई टोचायच्या आधी बोलावं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली शेळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय विकू किंवा कापू नये.