एकच बंदूक, पण कोणती?

शिकारीची पुस्तके वाचणाऱ्यांना एक जुना वाद ठाऊक असतो. माणसाने उभ्या आयुष्यात एकच बंदूक बाळगायची ठरवले, तर ती कोणती असावी? सशापासून सांबरापर्यंत सगळ्याला पुरेल, दिवसभर खांद्यावर वागवता येईल आणि जिचे काडतूस कुठल्याही गावी मिळेल, अशी. अमेरिकेतले शिकारी याचे उत्तर देताना १९०६ सालच्या ‘थर्टी-ओ-सिक्स’चे नाव घेतात. युरोपात सात मिलिमीटरच्या माउझरचे नाव निघते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती हेच सात मिलिमीटरचे काडतूस उडवणारी होती. इंग्रज तिला ‘टू-सेव्हंटी-फाइव्ह’ म्हणत.

हाच प्रश्न आज आपण कर्जत-खालापूरच्या रानात आणून विचारू. मात्र इथे त्याचे उत्तर शिकाऱ्याच्या आवडीनिवडीवर फारसे अवलंबून नव्हते. त्यात आधी रानाचा हात होता आणि नंतर सरकारचा. म्हणून हा विषय बंदुकीचा असला, तरी गोष्ट माणसांची आहे.

सुरुवातीला मापाविषयी थोडे सांगतो. बारा बोअर, सोळा बोअर असे आपण ऐकतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणून बारापेक्षा सोळाची नळी अरुंद. बारा बोअरची नळी आतून साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते आणि गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीला आतून आटे पाडलेले असतात. गोळी त्या आट्यांतून फिरत बाहेर पडते, म्हणून ती लांबवर सरळ जाते. रायफलीचे माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे ०.३०३ इंच आणि ‘थ्री-फिफ्टीन’ म्हणजे ०.३१५ इंच, बरोबर आठ मिलिमीटर.

आता रान पाहू. पूर्वेला भीमाशंकर, ढाक, राजमाची अशी सह्याद्रीची भिंत. पश्चिमेला माथेरान, प्रबळ, इर्शाळ. मधून उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. डोंगराच्या उतारावर कारवीचे रान माजलेले असते. पावसाळ्यानंतर या कारवीत तीस-चाळीस पावलांपलीकडचे दिसत नाही. पलीकडच्या उतारावर ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी हमखास असते. चारशे वारांवर नेम धरणारी रायफल इथे घेऊन करायचे काय? जनावर दिसते तेव्हा ते समोर आलेले असते. शिवाय रायफलीची चुकलेली गोळी मैलभर जाऊ शकते. या रानात तिच्या वाटेत कुणाचे तरी अंगण येणार. छऱ्यांची ताकद चाळीस-पन्नास पावलांत सरते. हा त्यांचा उणेपणा खरा, पण दाट वस्तीच्या रानात तोच त्यांचा गुण ठरतो.

बारा बोअरचे आणखी एक सोपे आहे. बंदूक तीच ठेवायची आणि काडतूस बदलायचे. बारीक छऱ्याचे घातले की रानकोंबडा, जाड छऱ्याचे एलजी घातले की डुक्कर. सगळ्या कामांना पुरणारी एकच बंदूक म्हणतात, ती या भागापुरती गुळगुळीत नळीचीच होती.

त्याही आधी तोड्याच्या बंदुका होत्या. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड तुम्हाला माहीत आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज तिथे अडवली. खानाकडे शस्त्रांची वाण नव्हती. पण अरुंद खिंड, दोन्ही बाजूंना झाडी आणि वर दबा धरून बसलेले मावळे, अशा जागी मोठ्या फौजेला आपली शस्त्रे वापरायला वावच उरला नाही. हत्यारापेक्षा जागा मोठी, हा धडा या मातीने तेव्हाच देऊन ठेवला आहे.

शब्दांचा धंदा असल्यामुळे मला इथे थोडे थांबावेसे वाटते. ‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांकडून. ‘शिकार’ फारसी, पण ‘पारध’ संस्कृताकडून आलेली आणि ‘गोळी’ आपली घरची. ‘दारू’चा प्रवास सगळ्यांत गमतीचा. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत ती नळीत ठासायचीही झाली आणि प्यायचीही झाली. एका ठासणीच्या बंदुकीत निम्म्या जगाची भाषा भरलेली असते. ती चालवणाऱ्या कुणब्याला किंवा आगऱ्याला मात्र हे सगळे शब्द आपलेच वाटतात, आणि ते आहेतही आपलेच.

आता १८७८ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात इंग्रज सरकारने तीन कायदे केले. सातव्या क्रमांकाचा जंगलाचा, नवव्या क्रमांकाचा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा आणि अकराव्या क्रमांकाचा हत्यारांचा. रान, शब्द आणि शस्त्र या तिन्ही गोष्टींना एकाच वर्षी परवानगीच्या दाराशी उभे केले गेले. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत गेला. बाकीचे दोन राहिले आणि त्यांनी आपल्या डोंगराचे आयुष्य बदलून टाकले.

जंगल कायद्याने खैराच्या झाडाला कुलूप लावले. त्याबरोबर काताच्या भट्ट्या लावणाऱ्या कातकऱ्याचा पिढीजात धंदा बसत गेला. शेतकऱ्याला भाताच्या रोपासाठी राब भाजावा लागतो. त्याला लागणाऱ्या डहाळ्या तोडण्यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि नियमांतून युरोपियनांना मात्र सूट दिली. ही वंशावर बेतलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर निघाली. तोवर एकाच रानात, एकाच डुकरामागे धावणाऱ्या दोन माणसांना दोन कायदे होते. कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, शेजारच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले. रामोशांना बरोबर घेऊन उठलेल्या त्या माणसाला इंग्रजांच्या रायफलींसमोर काय घेऊन उभे राहावे लागले असेल, याची कल्पना करता येते.

मापांच्या इतिहासाला खरे वळण यानंतर लागले. गोऱ्या शिकाऱ्यांत तेव्हा ०.४५० मापाच्या रायफली लोकप्रिय होत्या. पण लष्करातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळीही त्याच मापाची. शिकाऱ्यासाठी आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडल्या तर लष्करातून पळवलेल्या रायफलींत त्या भरता येतील, अशी सरकारला धास्ती वाटली. वायव्य सरहद्द अशांत होती, बंगाल पेटलेला होता. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात त्या मापावर बंदी आली. इंग्लंडच्या कारखानदारांनी तोड काढली. त्यांनी ०.४७०, ०.४६५, ०.४७५ अशी नवी मापे बाजारात आणली. हत्ती आणि गवे तेच राहिले, नळी तेवढी थोडी रुंद झाली.

‘थ्री-नॉट-थ्री’ लष्कराची आणि पोलिसांची, म्हणून तीही सामान्य माणसाला बंद. मग हिंदुस्थानात विकण्यासाठी विलायती कारखान्यांनी ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस उचलले. लष्कराच्या ली-एन्फिल्डसारख्याच घडणीच्या रायफलीला त्या मापाची नळी बसवली. तीच आपली ‘थ्री-फिफ्टीन’. जगात इतरत्र ज्या काडतुसाला शिकारी जवळजवळ विसरले, ते भारतात घरोघरचे झाले, यामागचे कारण एवढेच. ते सगळ्यांत चांगले म्हणून कुणी निवडले नव्हते. सरकारच्या बंदुकीत बसत नव्हते, हाच त्याचा मोठा गुण. राज्यकर्त्याच्या भीतीने ठरवलेले माप पुढे आपण आवडीने वापरू लागलो.

स्वातंत्र्य आले, तरी हे माप गेले नाही. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ‘थ्री-फिफ्टीन’ बनवायला घेतली. नागरी बंदुकांची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होऊ लागली. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. हे कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये विसर्जित झाले आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मान्य केलेला होता. राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत मात्र तो आला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. तोही परवान्याचाच कायदा. ‘थ्री-नॉट-थ्री’ निषिद्धच राहिली.

मात्र याच कायद्याच्या तेराव्या कलमात आपल्या मूळ प्रश्नाचे सरकारी उत्तर दडलेले आहे. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी. म्हणजे रानाने जे उत्तर दिले होते, तेच कायद्यानेही दिले. रायफल सोडून साधी नळी. फक्त कारणे वेगळी होती. रानाने ते अंतर पाहून दिले, कायद्याने ते धोका मोजून दिले.

ठासणीच्या बंदुकीने राखण करणे हे काय काम असते, ते सांगतो. भाद्रपद-आश्विनात भात पोटरीतून बाहेर पडून भरू लागते, तेव्हा रात्री डुकरांचा कळप उतरतो. शेतकरी माळ्यावर जागत असतो. बंदुकीत दारू घालायची, चिंधी गजाने ठासायची, मग छरे, पुन्हा चिंधी आणि शेवटी टोपी. बार एकच. दुसरा भरेपर्यंत कळप पलीकडच्या शेतात जातो. पाऊस आला की दारू सर्द. तरीही ही बंदूक घरात मानाची. परवाना बापाकडून मुलाकडे यावा यासाठी लोक हेलपाटे घालतात. निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करायची. ती नेमकी सुगीत जाहीर झाली, तर राखणीला डबे वाजवायचे.

शिकारीचे कायदे दुसऱ्या बाजूने बदलत होते. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. १९७२ चा केंद्राचा कायदा आला, तेव्हाही शिकारीचे परवाने होतेच. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात कर्जत तालुका येतो. त्यात या जिल्ह्यातल्या वाघांची नोंद आहे. तेव्हा सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस देत असे. ते वाघ आज या डोंगरात नाहीत. शिकारीच्या त्या वैभवात हाका घालणारा ठाकर-कातकरी झाडीत पायी चाले आणि साहेब किंवा शेठ मचाणावर बसे. त्या खेळात सर्वांत जास्त जोखीम कुणाची होती, हे बंदुकीच्या मापावरून कळत नाही.

पण कायद्यांच्या या दोन वाटा आज शेतकऱ्याच्या बांधावर येऊन अडल्या आहेत. एका कायद्याने त्याला पिकाच्या राखणीसाठी बंदूक मिळते. दुसऱ्या कायद्याप्रमाणे ती पिकात शिरलेल्या डुकरावर चालवायची, तर वन्यजीवांच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कळप रात्री दोन वाजता येतो आणि सकाळपर्यंत शेत सपाट झालेले असते. मग राखणीची बंदूक आवाजापुरती उरते. नुकसानभरपाईची सोय आहे, पण तिला अर्ज आणि पंचनामा लागतो. दळीच्या तुकड्यावर नाचणी-वरई पिकवणाऱ्याच्या नावावर जमीनच नसेल, तर पंचनाम्यात नाव कुणाचे लिहायचे, इथून सुरुवात होते.

आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची तरुण मुले पाठीला पिशव्या लावून पेठचा कोथळीगड, ढाकचा बहिरी, सोंडाई चढतात. त्यांना कुठली बंदूक न्यावी हा प्रश्न पडत नाही. ते पाणी आणि कॅमेरा नेतात. हे चांगलेच झाले. रानात जायला हत्यार लागत नाही, एवढे आपण शिकलो.

म्हणून एकच बंदूक कोणती, असे कुणी विचारले, तर कर्जत-खालापूरपुरते माझे उत्तर असे. शिकारीसाठी कुठलीही नको. राखणीसाठी गुळगुळीत नळीची साधी बंदूक, आवाजाला मोठी आणि पल्ल्याला तोकडी. पण तिच्याबरोबर परवाना देणारे आणि परवानगी देणारे कार्यालय एकमेकांशी बोलले पाहिजे. भात भरायच्या आधी शेतकऱ्याच्या हातात उत्तर पडले पाहिजे, मग ते नकाराचे असले तरी चालेल. नकार मिळाला तर निदान कुंपणाला पैसे मागता येतात. गेली दीडशे वर्षे मापे ठरवणारे लोक बंदूक कुणाच्या हाती पडेल याची काळजी करत आले. ज्याच्या शेतात डुक्कर पडते त्याची काळजी करणारा एखादा आकडाही आता ठरवायला हरकत नाही.