कोथिंबिरीतला ‘स’

पाणिनीने एक अख्खं सूत्र कोथिंबिरीवर खर्च केलं आहे. ‘अष्टाध्यायी’त (६.१.१४३) तो सांगतो, की वनस्पतीची जात म्हणायची असेल तर शब्द ‘कुस्तुंबुरु’ असाच हवा, मधल्या ‘स’सकट. ‘स’ नसेल तर उरतं ‘कुतुंबुरु’. ‘कु’ म्हणजे वाईट, म्हणून ‘काशिका’ या टीकेनुसार ती झाली तुंबुरू नावाच्या झाडाची हलकी, टाकाऊ फळं. अर्धी मात्रा वाचली तरी पोर झाल्याचा आनंद मानणारी ही वैयाकरण मंडळी. त्यांना एका ‘स’साठी वेगळं सूत्र रचावं लागलं, याचा अर्थ नेहमीच्या नियमांत तो बसत नव्हता. पाणिनीच्या हिशेबी हा ‘स’ मागाहून शिरलेला. माझ्या मते तोच मूळचा आहे, आणि उपरं आहे ते ‘तुंबुरु’.

कारण धण्याचं झाड इथलं नव्हे. त्याचं माहेर भूमध्य सागराच्या पूर्वेला, पश्चिम आशियात. मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत धण्याला ‘किसिबिर्रू’ म्हणत. अरबीत आजही ‘कुझबरा’ म्हणतात. क, स किंवा झ, ब, र हा क्रम ‘कुस्तुंबुरु’तही तसाच सापडतो. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये, हा आक्षेप रास्तच आहे. त्या वाटेने कशाचंही काहीही करता येतं. पण इथे शब्दाबरोबर वस्तूही त्याच दिशेने आलेली आहे. परका शब्द तोंडात बसेना की लोक त्याला ओळखीच्या शब्दाचा आकार देतात. तसं ‘तुंबुरु’ इथे चिकटलं असावं. हे अनुमानच आहे, पण ‘वाईट तुंबुरू’पेक्षा बरं. धण्यात वाईट काय आहे?

मराठीत तो ‘स’ दिसत नाही, पण गेलेलाही नाही. संस्कृत ‘स्त’चा प्राकृतात ‘त्थ’ होतो आणि त्याआधीच्या ‘उ’चा ‘ओ’. ‘पुस्तक’पासून ‘पोथी’ आली ती याच वाटेने, आणि ‘कोथिंबीर’ही. म्हणजे आपल्या ‘थ’मधला हकार हीच त्या ‘स’ची खूण. हा शब्द कानडी ‘कोत्तंबरी’वरून घेतला असेल, असं कुणी म्हणेल. हिंदीत रोजच्या वापरात ‘धनिया’च, ‘कोथिंबीर’सारखं नाव नाही, तेव्हा शंका चुकीची नाही. पण कानडी रूपात हकार नाही. तिथून उचलला असता तर आपल्याकडे ‘थ’ कुठून आला असता? शिवाय गुजरातीतही ‘कोथमीर’ आहेच, आणि गुजरातला कानडीचा शेजार नाही.

‘धणे’ची गोष्ट सरळ आहे. ‘धान्यक’ म्हणजे दाण्यासारखं; बघून ठेवलेलं नाव. अमरकोशात ‘कुस्तुंबुरु’ आणि हे, अशी दोन्ही नावं समानार्थी म्हणून शेजारी बसली आहेत. मराठीने मात्र वाटणी केली: डब्यातले ते धणे, जुडीतली ती कोथिंबीर. हिंदीला त्यासाठी ‘हरा’ जोडावं लागतं. विदर्भाने तर पाल्याला तिसरंच नाव दिलं, सांबार. नागपूरची सांबारवडी म्हणजे बेसनाच्या पारीत ठासून भरलेली कोथिंबीर. तिथे ‘स’ पुन्हा पहिल्याच अक्षरात ऐकू येतो, पण तो पाणिनीचा नव्हे.