डायनॅमो ते आल्टरनेटर : दुरुस्तीच्या इतिहासातील एक पाठभेद

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीतील विजेविषयी लिहावे, हे वाचकांस किंचित विचित्र वाटेल. आम्हालाही तसे वाटत होते. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी घेतलेल्या फियाट ११०० डिलाइट या १९६९ सालच्या गाडीचा डायनॅमो काढून त्याजागी आल्टरनेटर बसवून घेण्यासाठी नागपुरातील एका लहानशा गॅरेजात आम्ही दोन दिवस बसलो आणि वर्गात आपण ज्याला परंपरा, पाठभेद, मौखिकता म्हणतो, ते सारे तेथे तेलकट हातांनी चाललेले पाहिले. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा आणि कारखान्यांचा म्हणून वाचतो. आपल्याकडील इतिहास मात्र मुख्यतः दुरुस्तीचा आहे आणि तो जवळजवळ अलिखित आहे, एवढेच आम्हास येथे मांडायचे आहे.

प्रथम गाडीविषयी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, परदेशी भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे स्थान उरले नाही. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स आणि तिच्याबरोबर फोर्डही निघून गेली. पुढच्याच वर्षी प्रीमियरने फियाट ११०० आणली. हीच गाडी थोड्याफार फेरफारांनिशी 'डिलाइट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने चालू शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाडी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. मिळालेली गाडी टाकून देणे कोणाच्या मनातही येत नसे. ती चालवत ठेवण्याचे ज्ञान कारखान्याबाहेर, चौकाचौकांतील गॅरेजांत वाढले.

आता डायनॅमोविषयी. फॅरेडेने १८३१ मध्ये चुंबक आणि तार यांच्या सापेक्ष गतीतून वीज मिळवली. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सीने हाताने फिरवायचे यंत्र बनवले. पण त्यातून निघणारा प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलत होता. असा प्रवाह त्या काळी निरुपयोगी वाटला, म्हणून तो एकाच दिशेने वाहावा यासाठी त्या यंत्राला कम्युटेटर जोडण्यात आला. मोटारीचा डायनॅमो हा त्याच वंशातला. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमध्ये निर्माण होते आणि कम्युटेटरवर टेकलेल्या कार्बनांमधून बाहेर येते. सगळा प्रवाह या घासणाऱ्या सांध्यातूनच जात असल्याने वेगालाही मर्यादा आणि प्रवाहालाही. त्या पिढीतील लहान गाड्यांचे डायनॅमो साधारण पंधरा ते बावीस अँपिअर देत, तेही इंजिनाने वेग घेतल्यावर. व्हेरायटी चौकातील सिग्नलला गाडी थांबली की आमच्या फियाटचे दिवे मलूल होत, ते यामुळेच.

डायनॅमोच्या सोबतीला एक काळी डबी असे. तिला सारे गॅरेज 'कटआउट' म्हणते. इंजिन मंद असताना बॅटरीतील वीज उलटी डायनॅमोत वाहू नये म्हणून जोडणी तोडणे आणि वेग वाढल्यावर व्होल्टेज आवरणे, ही तिची दोन कामे. ती होत स्प्रिंगांनी ओढलेल्या, थरथरणाऱ्या पॉइंटांमधून. डबीचे झाकण निघत असे, पॉइंट पॉलिश पेपरने घासता येत, स्प्रिंगचा ताण कमीअधिक करता येई. म्हणजे डायनॅमो आणि कटआउट ही वाचता येणारी यंत्रे होती. कार्बन झिजले की ठिणग्या दिसत, आर्मेचर जळू लागले की वास येई, बेअरिंग गेले की आवाज बदले. मिस्त्रीचे निदान डोळे, कान आणि नाक यांच्यावर चाले.

आल्टरनेटरने ही रचना उलटी केली. यात वीज देणारी वेटोळी स्थिर राहतात आणि चुंबक फिरतो. कार्बन येथेही असतात, पण त्यांतून फक्त चुंबकाला जागे ठेवणारा अल्प प्रवाह जातो. त्यामुळे आल्टरनेटर अधिक वेगाने फिरवता येतो आणि गाडी उभी असतानाही तो बॅटरी भरतो. अडचण एकच होती. पिक्सीला नकोसा झालेला तोच उलटसुलट प्रवाह यातून निघतो आणि बॅटरीला तो चालत नाही. सिलिकॉनचे लहान, स्वस्त डायोड हाती आल्यावर ही अडचण सुटली. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटमध्ये आल्टरनेटर नेमाने बसवण्यास सुरुवात केली. जो प्रवाह १८३२ मध्ये टाकाऊ ठरला होता, त्याच्याकडे मोटार सव्वाशे वर्षांनी परतली.

आमच्या गाडीत मारुती ८००चा आल्टरनेटर बसला. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ते पाहिले. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत पुष्कळदा पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असे आणि तशा गाडीत आल्टरनेटर नकळत जोडला तर डायोड क्षणात जळतात. आमची निगेटिव्ह निघाली. मग बॅटरीची तार सोडवली, डायनॅमो उतरवला, लेथवर नवी कडी करून घेतली आणि पट्टा तिरपा धावू नये म्हणून दोन्ही पुली एका रेषेत आणल्या. खरे काम पुढे होते. आल्टरनेटरच्या 'बी' टोकापासून बॅटरीपर्यंत नवी, जाड तार फ्यूजसह टाकली. जुनी बारीक तार वाढलेला प्रवाह सोसू शकली नसती आणि तिचे वेष्टण वितळले असते. डॅशबोर्डावरील लाल दिव्याची तार 'एल'ला गेली, चावीनंतर जिवंत होणारी 'आयजी'ला. कटआउट बाद झाला. पण दिव्यांना आणि भोंग्याला वीज त्याच्याच टोकावरून जात होती, म्हणून तेथील तारा बॅटरीच्या तारेशी काळजीपूर्वक जोडाव्या लागल्या. शेवटी इंजिन सुरू करून मीटर लावला. काटा चौदा व्होल्टच्या किंचित वर स्थिरावला. याहून फार अधिक नको, असे मिस्त्रींनी बजावले. नागपूरचा मे महिना सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो. त्यात बॅटरी जास्त भरली गेली तर तिचे पाणी उकळून आटते.

काम संपल्यावर चहा घेताना आम्ही कौतुकाने म्हणालो, "काका, आता चिंता मिटली." त्यावर ते म्हणाले, "चिंता मिटली जी, पण डायनॅमो बिमार पडला तं सांगते. हा मुका आहे सर, मरते तं एकदम मरते." या उद्गारात एका पेशाचे स्थित्यंतर साठवलेले आहे. आल्टरनेटरचा रेग्युलेटर बंद असतो. तो दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. निदान कानाकडून मीटरकडे जाते आणि कानाची भाषा निकामी होते. डायनॅमो 'बोलतो', कटआउट 'चिकटतो', आर्मेचर 'पाणी मागते' असे शब्दप्रयोग त्या दोन दिवसांत आम्ही वहीत टिपले. त्यांतला एकही आम्हास यापूर्वी छापील मराठीत भेटला नव्हता. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून बलुतेदारांचे व्यवहार आणि त्यांची भाषा नोंदवली, म्हणून ते आज आपणांस अभ्यासता येतात. गॅरेजांचा गावगाडा कोणी लिहिला नाही. मिस्त्रींनी ही विद्या उस्तादाकडून पाहून घेतली. त्यांचा मुलगा ती घेणार नाही, तो संगणकाचे काम करतो. यात कोणाचाही दोष नाही. परंतु मौखिक परंपरेचा शेवटचा वाहक गेल्यावर काय होते, हे लोकसाहित्य शिकवणाऱ्यांस सांगण्याची गरज नसावी.

आमच्या एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला की, आम्ही गाडीचे 'मूळपण' बिघडवले. आक्षेप गंभीर आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'विंटेज' हा वेगळा दर्जा दिला आहे. पण अशा गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे मूळ प्रत जपायची तर ती कपाटात ठेवावी लागते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद वाढले म्हणून; आणि पाठभेद वाढले ते ग्रंथ वाचला जात होता, हातोहात उतरवला जात होता म्हणून. संहितेचा अभ्यासक शुद्ध पाठ शोधतो, तसेच भेदही टाकून देत नाही, कारण ग्रंथ कोणाच्या हातांतून गेला हे त्यांतूनच कळते. आमच्या फियाटमधील मारुतीचा आल्टरनेटर हा असाच एक पाठभेद आहे, आणि त्याखाली लेखनिकाचे नाव नाही.

जुना डायनॅमो आम्ही भंगारात दिला नाही. तो कटआउटसह कापडात गुंडाळून ठेवला आहे, म्हणजे हा बदल उद्या कोणाला उलटवायचा असल्यास उलटवता येईल. वस्तू अशी जपता येते; ती ऐकण्याची विद्या नाही. म्हणून यंदा पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्ही एक विषय सुचवला आहे : आपल्या वस्तीतील एका मिस्त्रीजवळ बसून त्यांच्या कामाचे शब्द, त्यांच्याच उच्चारांत आणि त्यांच्याच उदाहरणांसह लिहून आणणे. पहिल्या विद्यार्थिनीची वही आली आहे. तिच्या वडिलांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे, आणि वडिलांकडे इतके शब्द असतील हे तिला ठाऊक नव्हते, असे तिने पहिल्याच पानावर लिहिले आहे.