'एमजीबी'चे सुटे भाग : शोध आणि पारख

कारखाना बंद पडून चार दशके उलटलेली स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणायची, तर भाग कुठे मिळेल या प्रश्नाआधी नेमका कोणता भाग हवा, हे ठरवावे लागते. ब्रिटनमधील 'एमजीबी' हे याचे बोलके उदाहरण होय. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात या गाडीची निर्मिती झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या. ही संख्या मोठी असल्यानेच तिच्या सुट्या भागांचा व्यापार कारखान्यानंतरही तगून राहिला.

बाहेरून सारखी दिसणारी ही गाडी आतून मात्र वेळोवेळी बदलत गेली. १७९८ सीसीच्या इंजिनातील क्रँकशाफ्टला आरंभी तीन मुख्य बेअरिंग होते. १९६४ च्या उत्तरार्धात ते पाच झाले. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, नंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले आणि डायनामोची जागा ऑल्टरनेटरने घेतली. हे न पाहता आधुनिक रेडिओ जोडला, की तो जळालाच म्हणून समजावे! १९७४ च्या अखेरीस क्रोमच्या बंपरऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवण्यात आली. त्यामुळे सुटा भाग मागवताना केवळ साल सांगून भागत नाही. चेसिस क्रमांक द्यावा लागतो. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या नोंदवह्यांच्या आधारे प्रमाणपत्र देते. गाडी केव्हा तयार झाली, मूळ रंग कोणता होता, ती कुठल्या बाजारपेठेसाठी होती, याचा उलगडा त्यातून होतो.

पत्रा हाच खरा खर्च

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. 'एमजीबी'चा खरा शत्रू गंज. या गाडीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचे सिल हेच तिच्या सांगाड्याचा भार पेलतात. ते आतून पोखरले गेले आणि वरून नवा पत्रा ठोकून रंग दिला, तर गाडी दिसायला देखणी, पण चालवायला धोकादायक ठरते. शिवाय जुने सिल कापताना गाडीला नीट आधार दिला नाही, तर सांगाडा वाकतो आणि मग दारे बसत नाहीत. जाणकार कारागीर म्हणूनच कापण्याआधी दारांच्या फटी मोजून ठेवतात.

येथेच ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेचे काम मोलाचे ठरते. पत्रा दाबण्याचे मूळ साचे शोधून काढून तिने १९८८ मध्ये 'एमजीबी'चा संपूर्ण नवा सांगाडा पुन्हा तयार करण्यास सुरुवात केली. बंद झालेल्या गाडीचा सांगाडा नव्याने मिळणे, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती. १९९२ साली रोव्हरने आणलेली 'एमजी आरव्ही८' याच सांगाड्याच्या आधारे उभी राहिली. सुटे सिल, मडगार्ड घेतानाही मूळ साच्यातील पत्रा महाग पडतो. पण स्वस्त पत्रा ठोकूनठाकून बसवण्यात जाणारी मजुरी जमेस धरली, तर तो महाग वाटत नाही.

यांत्रिक भागांची स्थिती त्या मानाने सुखाची आहे. एसयू कार्बोरेटर आणि त्यांचे भाग सॉल्सबरी येथील बर्लेन कंपनी बनवते. अमेरिकेत १९४८ साली स्थापन झालेली मॉस मोटर्स तर ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या भागांचे मोठे दुकानच. लिव्हर पद्धतीचे शॉक ॲब्सॉर्बर बहुधा अदलाबदलीने मिळतात. दुरुस्त केलेला नग घ्यायचा, अनामत भरायची आणि जुना परत केला की अनामत सोडवून घ्यायची. त्यामुळे भारतातील मालकाने जुना भाग भंगारात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जड नग परत पाठवण्याचे भाडे मात्र अनामतीपेक्षा अधिक होऊ शकते.

सर्वाधिक फसगत होते ती किरकोळ वस्तूंत. नव्याने बनवलेले रोटर आर्म, कंडेन्सर आणि रबरी बुश मूळ दर्जाचे असतातच असे नाही. जुना, न वापरलेला साठा बरा, असे अनेक जण मानतात. विद्युत भागांबाबत ते बऱ्याचदा खरे; पण चाळीस वर्षे कपाटात पडलेले रबर वापरावाचूनही कडक होते आणि ब्रेकच्या बाबतीत तो धोका पत्करू नये. असा जुना साठा धुंडाळण्यासाठी इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून सप्टेंबरमध्ये सुट्या भागांचा बाजार भरतो. आपल्या चोरबाजाराची आठवण यावी, असेच त्याचे रूप!

ॲम्बॅसिडरशी नाते

मराठी वाचकाला एक गोष्ट गमतीची वाटेल. आपल्या ॲम्बॅसिडरला दीर्घकाळ जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, ते याच 'बी सीरिज' घराण्यातले. पिस्टनची धाव दोन्हीकडे ८८.९ मिलिमीटर. मात्र सिलिंडरचा व्यास ॲम्बॅसिडरचा सुमारे ७३, तर 'एमजीबी'चा ८०.२६ मिलिमीटर आहे. त्यामुळे पिस्टन एकमेकांना चालत नाहीत. उपयोग होतो तो हाताच्या सवयीचा. ॲम्बॅसिडर उघडून पाहिलेल्या जुन्या मिस्त्रीला हे इंजिन परके वाटत नाही.

भारतात गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. संपूर्ण नवा सांगाडा मागवण्याचा बेत असेल, तर पैसे पाठवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि कापून काढलेल्या पत्र्याची छायाचित्रे व प्रत्येक भागाची पावती जपून ठेवावी.